रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरचा घसा

रिव्हॉल्व्हरच्या सिलिंडरमध्ये काडतुसे बसवण्यासाठी जी आरपार भोके असतात त्यांना चेंबर म्हणतात. चेंबरचा मागचा भाग काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या मापाचा असतो. पुढचा, किंचित अरुंद भाग गोळीच्या मापाचा. या पुढच्या भागाला घसा किंवा थ्रोट म्हणतात. गोळी पुंगळीतून सुटली की नळीत शिरण्याआधी ती या घशातून जाते. ती सरळ जाणार की कलणार, आणि तिच्या कडेने गॅस निसटणार की नाही, हे तिथेच ठरते. कोल्ट कंपनीच्या १८७३ सालच्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरच्या आज बनणाऱ्या प्रतिकृतींत हा घसा नळीच्या मानाने मोठा निघतो, अशी तक्रार नेमबाजांमध्ये फार जुनी आहे. तिचे सगळे खापर कारखान्याच्या ढिलाईवर फोडले जाते, पण ते पुरेसे नाही. या दोषामागे मापांचा एक इतिहास आहे, आणि प्रतिकृतींनी रिव्हॉल्व्हरच्या रूपाबरोबर तोही उचलला आहे.

सिंगल ॲक्शन म्हणजे दर बाराला घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. त्या ओढीनेच सिलिंडर एका घराने फिरून अडकतो, आणि चाप फक्त घोडा सोडण्याचे काम करतो. या रचनेत एका नळीसमोर आळीपाळीने सहा चेंबर येतात. त्यामुळे अचूकतेच्या दृष्टीने हे एक हत्यार नसून एकाच नळीची सहा हत्यारे आहेत, असे धरणे योग्य. सहापैकी चार घसे एका मापाचे आणि दोन वेगळे असतील, तर निशाणावर गोळ्यांचे दोन पुंजके दिसतात, आणि नेमबाज दोष स्वतःच्या हाताला देत राहतो.

घसा हा प्रकारच मुळी धातूच्या काडतुसाबरोबर आला. त्याआधीच्या टोपीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये (ज्यात बार पेटवणारी छोटी धातूची टोपी मागून वेगळी बसवत) दारू आणि गोळी पुढून ठासत. चेंबर मागून बंद आणि आतून एकाच मापाचे असे. मागून काडतूस भरता येईल अशा आरपार चेंबरचे पेटंट रोलिन व्हाइट यांच्या नावे १८५५ साली नोंदले गेले. त्याचे हक्क स्मिथ अँड वेसनकडे असल्यामुळे कोल्टला १८६९ साली ते संपेपर्यंत थांबावे लागले. सुरुवातीच्या काही काडतुसांत गोळी पुंगळीच्याच व्यासाची असे आणि तिची फक्त टाच आत खोचलेली असे. त्यांना सरळसोट भोक चालत होते. १८७३च्या .४५ कोल्ट काडतुसात मात्र गोळी पूर्णपणे पुंगळीच्या आत बसली. पुंगळीचा बाहेरचा व्यास ०.४८० इंच (१२.१९ मिमी), गोळीचा त्याहून बराच कमी. साहजिकच चेंबरला आतून पायरी आली आणि पायरीपुढचा भाग हा घसा झाला.

मुख्य गोष्ट मापांची आहे. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या .४५ कोल्ट रिव्हॉल्व्हरच्या नळीत, गोळीला फिरकी देणाऱ्या पीळदार चरांच्या तळापासून तळापर्यंत व्यास साधारण ०.४५४ इंच (११.५३ मिमी) असे, आणि घसा त्याहून थोडा मोठा. गोळीही त्याच मापाची. अमेरिकेत घरी गोळ्या ओतणाऱ्यांच्या जुन्या साच्यांच्या क्रमांकाची सुरुवात ४५४ने होते, ती यामुळेच. युद्धानंतर कोल्टने १९५६ साली हे रिव्हॉल्व्हर पुन्हा बनवायला घेतले तेव्हा नळीचे माप ०.४५१ ते ०.४५२ इंचांवर (सुमारे ११.४६ ते ११.४८ मिमी) आले. .४५ ऑटोमॅटिक पिस्तुलाच्या नळीचे माप हेच आहे. गोळ्या बनवणारेही मग याच मापाला लागले. घसा मात्र जुन्या मापाजवळच राहिला. कितीतरी नव्या रिव्हॉल्व्हरमध्ये तो ०.४५६ इंच (११.५८ मिमी) किंवा त्याहून मोठा भरतो. नळी बारीक झाली, गोळी बारीक झाली आणि घसा तेवढा आजोबांच्या मापाचा राहिला. प्रतिकृती करणाऱ्याने हे नवे रिव्हॉल्व्हर नमुना म्हणून घेतले, तर मापांची ही विसंगतीही त्याच्याकडे आपोआप येते.

फरक किती बारीक आहे ते पाहण्यासारखे आहे. ०.४५२ इंचाची गोळी ०.४५७ इंचाच्या घशात असेल तर व्यासात ५ थाऊची तफावत झाली. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, सुमारे २५ मायक्रॉन. आपल्याकडच्या टर्नर-फिटरांच्या तोंडीही हा शब्द असतो. गोळी मधोमध राहिली असे धरले तर प्रत्येक बाजूला उरते सुमारे ६३ मायक्रॉनची फट, म्हणजे माणसाच्या केसाएवढी. पण तिच्या मागे हजारो पाउंड प्रति चौरस इंच दाबाचा तापलेला गॅस असतो. तो त्या फटीतून पुढे धावतो, शिशाची कड वितळवतो आणि कापतो, आणि ते शिसे नळीच्या सुरुवातीलाच चिकटते. याला शिसे धरणे म्हणतात. वीस-तीस बारांत चर बुजू लागतात आणि नेम पसरतो. शिवाय आधार नसलेली गोळी किंचित कलून नळीत घुसते आणि पुढे सगळा प्रवास कललेलीच करते.

मग एकोणिसाव्या शतकात हे का खटकले नाही? एक तर तेव्हा मापे जुळत होती. दुसरे कारण दारू आणि शिसे यांत आहे. मूळ काडतुसात सुमारे ४० ग्रेन (२.६ ग्रॅम) काळी दारू आणि २५५ ग्रेनची (१६.५ ग्रॅम) मऊ शिशाची गोळी असे. काळ्या दारूचा दाब झटक्यात येतो. त्या धक्क्याने मऊ गोळी मागून दाबली जाऊन फुगते आणि घसा भरून काढते. कारागिराने ठेवलेली उणीव शिसे आपणच भरून काढत होते. आता चित्र उलटे आहे. जुन्या पाश्चात्त्य पद्धतीच्या नेमबाजी स्पर्धांचे आयोजन करणारी सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी १९८७ साली स्थापन झाली आणि या रिव्हॉल्व्हरना हजारो नवे ग्राहक मिळाले. या स्पर्धांत गोळी शिशाचीच लागते, पण झटपट बार करता यावेत म्हणून दारू अगदी सौम्य भरतात. विकतच्या गोळ्या यंत्रावर ओततात आणि वाहतुकीत त्यांना पोचे पडू नयेत म्हणून त्यांत अँटिमनी घालून त्या कडक करतात. कडक गोळी, सौम्य दारू आणि रुंद घसा एकत्र आले की गोळी फुगत नाही आणि गॅस निसटतो. ‘कडक गोळीने शिसे कमी धरते’ ही समजूत इथे नेमकी उलटी ठरते.

आता कारखान्याकडे. चेंबर आधी बोअर करून नंतर रीमरने, म्हणजे भोक नेमक्या मापाला कापणाऱ्या धारदार हत्याराने, अंतिम मापाला आणतात. पुंगळीचा भाग, पायरी आणि घसा असे सगळे एकाच रीमरवर घडवलेले असते. रीमर वापराने झिजतो आणि दर वेळी धार लावली की थोडा लहान होतो. म्हणून नवा रीमर टॉलरन्सच्या, म्हणजे मापात चालणाऱ्या फरकाच्या, वरच्या टोकाला घेतात आणि खालच्या टोकाला पोचेपर्यंत वापरतात. नव्या रीमरने काढलेला सिलिंडर ढिला आणि म्हाताऱ्या रीमरने काढलेला घट्ट, पण दोन्ही गो–नो गो गेजमधून, म्हणजे किमान-कमाल मापाच्या तपासणीतून, पास होतात. एका सिलिंडरची भोके अनेक रीमर एकदम चालवून काढली असतील, तर रीमरची ही वये एकाच सिलिंडरच्या सहा घशांत दिसतात.

टॉलरन्सची दिशाही महत्त्वाची आहे. काडतुसांचे मानक चेंबरचे किमान आणि काडतुसाचे कमाल माप ठरवते, कारण कोणतेही काडतूस कोणत्याही हत्यारात अडकू नये आणि दाब वाढू नये हा हेतू असतो. घसा लहान झाला तर धोका आहे. मोठा झाला तर फक्त नेम बिघडतो. त्यामुळे चूक करायचीच तर मोठ्या बाजूला करावी असे कारखान्याला शिकवले जाते. हे सुरक्षेचे गणित चुकीचे नाही, पण ते अचूकतेचे गणित नाही.

प्रतिकृतींचे माहेर उत्तर इटलीत, ब्रेशा शहराजवळ आहे. तिथल्या त्रोम्पिया खोऱ्यात लोखंडाचे आणि बंदुकीच्या नळ्यांचे काम शतकानुशतके चालत आले आहे. बेरेट्टा घराण्याने व्हेनिसच्या शस्त्रागाराला नळ्या विकल्याची नोंद १५२६ सालची आहे. याच खोऱ्यातील गार्दोने गावी आल्दो उबेर्ती यांनी १९५९ साली आपला कारखाना काढला आणि कोल्टच्या १८५१च्या नेव्ही रिव्हॉल्व्हरची प्रतिकृती बनवली. अमेरिकी यादवी युद्धाची शताब्दी १९६१ साली येऊ घातली होती आणि अमेरिकन खरेदीदार मागणी घेऊन दारात उभे होते. १८७३च्या रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृती पुढे त्याच परंपरेत आल्या. खोऱ्यातले सरकारमान्य परीक्षणगृह प्रत्येक हत्यार जादा दाबाच्या काडतुसाने तपासून त्यावर शिक्का मारते. त्या शिक्क्यात सालाची खूणही असते: १९७४पर्यंत रोमन अंक आणि १९७५पासून दोन अक्षरे. पण ही परीक्षा हत्यार फुटणार नाही एवढेच सांगते. घसा आणि नळी एकमेकांना शोभतात का, हे ती विचारतच नाही. प्रतिकृती घेणाऱ्याने शिक्क्याकडे पाहून निश्चिंत होऊ नये ते यासाठी.

नेमका उलटा दोषही तितकाच खरा आहे. .४४–४० या काडतुसाची मूळ गोळी ०.४२७ इंचांची (१०.८५ मिमी). आजच्या प्रतिकृतींना मात्र पुष्कळदा .४४ स्पेशल आणि .४४ मॅग्नमसाठीची ०.४२९ इंचांची (१०.९० मिमी) नळी बसवलेली असते. घसा जुन्या मापाला राहिला तर गोळी आधी त्यातून आवळली जाते आणि मग रुंद नळीत सैल पडते. टोपीच्या रिव्हॉल्व्हरच्या प्रतिकृतींतही चेंबर नळीहून बारीक निघण्याची तक्रार आहे. ठासताना शिशाच्या चेंडूची कडी जास्तच खरवडली जाते आणि उरलेला चेंडू चरांना नीट धरत नाही. म्हणून केवळ ‘मोठा घसा’ असे म्हणून भागत नाही. घसा, नळी आणि गोळी ही तीन मापे एकत्रच वाचावी लागतात. घसा नळीच्या चरांहून अर्धा ते एक थाऊ मोठा आणि गोळी घशातून बोटाच्या दाबाने, किंचित अडत सरकणारी, हा चांगला मेळ मानतात.

मापण्यासाठी सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे पिन गेज, नेमक्या व्यासाच्या गोल पिनांचा संच. ०.४५२ची पिन जाते आणि ०.४५३ची अडते, म्हणजे माप कळले. व्हर्नियर इथे निरुपयोगी आहे, कारण गोल भोकात त्याचे सपाट जबडे नेहमी कमीच दाखवतात. नळीचे माप काढायचे तर मऊ शिशाचा तुकडा तेल लावून तिच्यातून ठोकून काढतात आणि त्यावरचे ठसे मायक्रोमीटरने मोजतात. कोल्टच्या नळीत सहा चर असल्यामुळे समोरासमोरचे दोन ठसे पकडता येतात. स्मिथ अँड वेसनच्या पाच चरांना साधा मायक्रोमीटर पुरत नाही. शिशाचा तुकडा हळू ढकलला तर आणखी एक गोष्ट हाताला कळते. नळी फ्रेममध्ये जिथे आट्यांनी घट्ट बसवलेली असते तिथे ती कधीकधी आत आवळलेली असते आणि तुकडा तिथे अडतो. नळी अशी आवळलेली असेल तर घसा कितीही सुधारला तरी नेम सुधारत नाही.

इलाजांची बाजू एकांगी आहे. घट्ट घसा जाणकार गनस्मिथ रीमरने मोठा करू शकतो आणि सहाही एका मापाला आणू शकतो. मोठ्या घशात धातू परत भरता येत नाही. तिथे गोळी बदलावी लागते: ०.४५४ इंचाची आणि मऊ, साधारण एक भाग कथील आणि वीस भाग शिसे. मात्र जाड गोळीने पुंगळी फुगून काडतूस चेंबरात बसत नाही असेही होते, म्हणून आधी एकच काडतूस भरून पाहतात. त्यानेही भागले नाही तर नवा सिलिंडर बसवणे उरते. वायोमिंगमधील फ्रीडम आर्म्स १९८३पासून आपल्या सिंगल ॲक्शन रिव्हॉल्व्हरची चेंबरे सिलिंडर फ्रेममध्ये बसवून, नळीच्या रेषेतच बोअर करते. त्यात प्रत्येक सिलिंडर त्याच फ्रेमचा होऊन जातो, आणि अशा रिव्हॉल्व्हरची किंमत इटालियन प्रतिकृतीच्या कित्येक पट असते.