स्फटिकी आणि अस्फटिकी घनपदार्थ

घनपदार्थांचे ढोबळमानानं दोन प्रकार पडतात, स्फटिकी म्हणजे क्रिस्टलाइन आणि अस्फटिकी म्हणजे अमॉर्फस. स्फटिकी पदार्थात अणू-रेणूंची एक ठरलेली मांडणी असते आणि तीच मांडणी तिन्ही दिशांना लांबवर जशीच्या तशी परत परत येत राहते, अस्फटिकीत तसं नसतं. मीठ, साखर, तुरटी, बर्फ, लोखंड हे स्फटिकी. काच, डांबर, रबर अस्फटिकी. परीक्षेला एवढं पुरतं, पण नुसता तक्ता पाठ केला की एक गोष्ट हमखास निसटते ती म्हणजे हा फरक पदार्थाच्या जातीचा नाहीये, मांडणीचा आहे, आणि एकच पदार्थ दोन्ही रूपांत सापडू शकतो.

सातारा-सांगली भागात हे दाखवायला लांब जावं लागत नाही. आपल्याकडचा काळा पाषाण म्हणजे बेसॉल्ट, साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि विहीर खणताना त्याच्या पोकळ्यांत ज्या चमकदार गारगोट्या निघतात त्यातल्या बऱ्याचशा क्वार्ट्झच्या म्हणजे सिलिकाच्या (सिलिकॉन आणि ऑक्सिजनच्या संयुगाच्या) असतात. कराडजवळ ओगलेवाडीला 1916 साली, तेव्हाच्या औंध संस्थानात, ओगले बंधूंचा काच कारखाना सुरू झाला, ज्यांचे प्रभाकर कंदील एकेकाळी घरोघरी होते. त्या कंदिलाच्या काचेतही मुख्य भाग सिलिकाच. दोन्हीकडे प्रत्येक सिलिकॉनला चार ऑक्सिजन जोडलेले असतात, म्हणजे अगदी जवळचे शेजारी बघितले तर फरक कळणारसुद्धा नाही. पण क्वार्ट्झमध्ये या चौकड्या एकमेकींना ठरलेल्या कोनातच जोडलेल्या असतात, काचेत तो कोन जागोजागी थोडा थोडा बदलत जातो आणि चार-पाच अणू पुढं गेलं की शिस्त संपली.

ही शिस्त येते कशी तर वेळ मिळाल्यानं. वितळलेला पदार्थ सावकाश थंड झाला तर रेणूंना आपापली जागा शोधायला सवड मिळते, झटकन थंड केला तर ते जिथं असतील तिथंच अडकतात. वितळलेला सिलिका फार घट्ट असतो, त्यातले अणू सहजी हलत नाहीत, म्हणून काच बनवणं जमतं. त्यात सोडा आणि चुना घालतात तो भट्टीचं तापमान कमी लागावं आणि काच टिकावी म्हणून. मात्र ओतताना काच नको त्या तापमानाला जास्त वेळ राहिली तर तिच्यात खरोखर स्फटिक धरतात आणि ती दुधाळ होते.

वितळण्यातला फरक सगळ्यात महत्त्वाचा. शुद्ध स्फटिकी पदार्थ एका ठराविक तापमानाला वितळतो, बर्फ शून्य अंशाला, आणि सगळा वितळेपर्यंत तापमान हलत नाही, कारण सगळे बंध सारखेच असल्यानं एकदमच सुटतात. काचेत बंध कमीजास्त ताणलेले, त्यामुळं नेहमीची काच साधारण 550 अंशांच्या पुढं हळूहळू मऊ पडत जाते, मग मधासारखी वाहते, वितळण्याचा असा एक नेमका बिंदूच नाही. फुंकणीनं काच फुगवणं यामुळंच शक्य आहे, काच बर्फासारखी एकदम पाणी झाली असती तर कंदिलाची चिमणी हातानं घडलीच नसती.

फुटण्यातही फरक दिसतो. मिठाचा खडा फोडला तर सपाट, काटकोनी तुकडे पडतात कारण तो ठराविक पातळ्यांवरच सुटतो, काच मात्र वेडीवाकडी फुटते आणि तिचा पृष्ठभाग शिंपल्याच्या आतल्या बाजूसारखा वळणदार निघतो. शिवाय स्फटिकात प्रकाशाचं किंवा उष्णतेचं वागणं दिशेनुसार बदलू शकतं, काच सगळ्या दिशांनी सारखीच. खात्रीची तपासणी मात्र क्ष-किरणांचीच. 1912 मध्ये जर्मन भौतिकशास्त्रज्ञ माक्स फोन लाउए यांच्या कल्पनेवरून स्फटिकातून क्ष-किरण सोडले तेव्हा फोटोवर रेखीव ठिपके उमटले, आणि त्यावरून अणूंच्या जागा काढायची रीत बसवल्याबद्दल ब्रॅग पिता-पुत्रांना 1915 चं नोबेल मिळालं. काचेतून असे ठिपके मिळत नाहीत, पसरट धूसर कडी मिळतात.

जुन्या खिडकीची काच खाली जाड असते म्हणजे ती शतकानुशतकं वाहत आलीये, हे बऱ्याच ठिकाणी शिकवतात ते चूक आहे. त्या काळी काच एकसारख्या जाडीची बनतच नव्हती. नेहमीच्या तापमानाला काच घनच आहे.

आता साखर. कारखान्यात पॅनमध्ये म्हणजे मोठ्या बंद भांड्यात रस आटवताना बारीक साखरेचं बी सोडतात, त्या बियांभोवती सुक्रोजचे म्हणजे साखरेचेच रेणू थरावर थर बसत जातात, दाणा केवढा करायचा हे पॅनमनच्या हातात. एस-30, एम-30 या बाजारातल्या नावांतली एस, एम ही अक्षरं त्या दाण्याच्या आकारावरूनच, आकडा मात्र साखरेच्या रंगाचा. तीच साखर वितळवून जत्रेत म्हातारीचे केस काढतात तेव्हा धागा हवेत क्षणात गार होतो, रेणूंना सवडच मिळत नाही, म्हणून तो अस्फटिकी. पण ही अवस्था पक्की नसते, दमट हवेत धागा ओल ओढून चिकट होतो आणि पुढं त्यात परत बारीक दाणे धरायला लागतात. गुळाचं वेगळंच, त्यात सुक्रोजचे बारीक दाणेही असतात आणि न जमलेला चिकट भागही, म्हणून तो दोन्ही रकान्यांत थोडा थोडा बसतो. प्लास्टिकमध्येही हे मिश्रण सर्रास दिसतं, पॉलिथीनच्या पिशवीत काही भागात रेणूंच्या लांब साखळ्या नीट घड्या घालून बसलेल्या असतात आणि काही भागात नुसता गुंता.