युरोपीय पेअर आणि आशियाई पेअर: फरक पिकण्याच्या रीतीत

पेअर या एकाच नावाने ओळखली जाणारी दोन फळे, युरोपीय पेअर (पायरस कम्युनिस) आणि आशियाई पेअर (पायरस पायरिफोलिया), ‘पायरस’ या एकाच प्रजातीतील (जीनसमधील) दोन निरनिराळ्या जातींची आहेत. युरोपीय पेअर देठाकडे निमुळते आणि आशियाई गोल, असे सर्रास सांगितले जाते. पण चीनमधील ‘या ली’ हे आशियाई वाणही देठाकडे निमुळतेच असते, त्यामुळे आकारावर विसंबता येत नाही. आशियाई पेअर म्हणजे सफरचंद आणि पेअर यांचा संकर, ही समजूतही निराधार आहे.

खरा फरक पिकण्याचा आहे. युरोपीय पेअर झाडावरच पिकू दिले, तर वरून साल निर्दोष दिसत असतानाच आतला गर गाभ्यापासून मऊ पडून तपकिरी होऊ लागतो. म्हणून ते पूर्ण वाढ झाल्यावर, पण कडक असतानाच तोडतात आणि नंतर पिकवतात. आंजू आणि कोमिस या वाणांना तर नीट पिकण्यासाठी आधी काही आठवडे थंडाव्यात राहावे लागते. असे फळ तयार झाले की नाही, हे देठाजवळ अंगठ्याने हलकेच दाबून पाहावे. तिथला गर किंचित दबला, तर फळ खाण्याजोगे झाले. फुगीर भागही मऊ लागला, तर बहुधा उशीर झालेला असतो.

आशियाई पेअर मात्र झाडावरच पिकते आणि तोडल्याबरोबर खाता येते. त्याचा गर पिकल्यावरही कुरकुरीत आणि रसाळ राहतो, त्यामुळे ते मऊ होण्याची वाट पाहणे म्हणजे चांगले फळ वाया घालवणे होय. दातांखाली येणारी बारीक कचकच गरातील कठीण पेशींमुळे असते व ती दोन्ही जातींत आढळते.

हातातले फळ कोणते हे ठरवण्यासाठी मी ते उलटे करून पाहणे पसंत करतो: युरोपीय पेअरच्या तळाशी फुलाची वाळलेली निदले (पाकळ्यांखालची छोटी हिरवी दले) सहसा टिकून असतात, तर आशियाई पेअरमध्ये ती बहुधा गळून गेलेली असतात.

वाणांच्या नावांमुळे आणखी गोंधळ होतो. इंग्लंडमधील ‘विल्यम्स’ आणि अमेरिकेतील ‘बार्टलेट’ हे एकच युरोपीय वाण आहे. ‘निजिसेइकी’ हे जपानी वाण मात्र पूर्णपणे आशियाई असून त्याचे रोप 1888 साली मात्सुदो येथे आपोआप उगवलेले सापडले होते.