एएमसी की सीएमसी? लष्करी रुग्णालयातल्या भूलयंत्राच्या देखभालीचा करार

भुलीच्या मशीनची वॉरंटी संपत आली की रुग्णालयाच्या खरेदी विभागात फाईल हलू लागते आणि तिच्यावर दोन आद्याक्षरं आलटून पालटून दिसतात. एएमसी म्हणजे वार्षिक देखभाल करार, सीएमसी म्हणजे सर्वसमावेशक देखभाल करार. (लष्करी रुग्णालयात एएमसी म्हटलं की आधी आर्मी मेडिकल कोअर आठवतं, इथे तिचा संबंध नाही.) दोन्हींत कंपनीचा इंजिनिअर ठरलेल्या मुदतीने येतो, मशीन उघडतो, साफ करतो, गळती तपासतो, कॅलिब्रेशन करतो, म्हणजे मोजमापं अचूक आहेत का ते पाहून लावून देतो. बिघाडाचा फोन गेला तरी येतो. म्हणून दोन्ही सारखेच वाटतात आणि मग नजर थेट रकमेकडे जाते. एएमसी बरीच स्वस्त असते.

फरक पडतो तो भाग बदलायची वेळ आली की. एएमसीत श्रमाचे पैसे भरलेले असतात, सुट्या भागाचे नाहीत. सीएमसीत दोन्ही धरलेले असतात.

खासगी रुग्णालयात हा फरक निव्वळ पैशांचा ठरू शकतो, कारण मालक फोनवर ‘टाका बदलून’ म्हणतो आणि विषय संपतो. पुण्याचं कमांड हॉस्पिटल असो की कुलाब्याचं नौदलाचं रुग्णालय आयएनएचएस अश्विनी, तिथे सरकारी पैसा खर्च करायचा असतो. एएमसीखाली भुलीच्या मशीनमधल्या व्हेंटिलेटरचा एखादा इलेक्ट्रॉनिक बोर्ड गेला, की आधी इंजिनिअरचा अहवाल, मग कंपनीचं दरपत्रक, मग सक्षम वित्तीय अधिकाऱ्याची मंजुरी. रक्कम मोठी असेल तर वित्तीय सल्लागाराची संमतीही. भाग दुसऱ्या कुणाकडे मिळत नसेल तर ‘प्रोप्रायटरी’ असल्याचा दाखला जोडायचा. पुरवठा आदेश निघेपर्यंत ते ऑपरेशन थिएटर अडून. सीएमसीत ही सगळी मंजुरी वर्षाच्या सुरुवातीला एकदाच घेऊन झालेली असते. माझ्या मते सीएमसीचा जास्तीचा पैसा भागांपेक्षा या वाचलेल्या दिवसांसाठी मोजायचा.

पण ‘सर्वसमावेशक’ या विशेषणावर विसंबू नये. खरा करार असतो तो वगळलेल्या वस्तूंच्या यादीत. सोडा लाइम (उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड शोषणारे दाणे), मास्क, रुग्णाला जोडायच्या नळ्या या वापरून संपणाऱ्या वस्तू. त्या वगळल्या तर तक्रार नाही. भांडण होतं ऑक्सिजन सेन्सरवरून. गॅल्व्हॅनिक प्रकारचा सेन्सर ही एक रासायनिक सेल असते. मशीन वापरा अगर झाकून ठेवा, ती झिजतेच आणि साधारण वर्षा-दोन वर्षांत बदलावी लागते. कंपनी म्हणते हा उपभोग्य माल, रुग्णालय म्हणतं हा सुटा भाग. वायूचा प्रवाह मोजणारा फ्लो सेन्सर, बॅकअप बॅटरी, व्हेंटिलेटरचे बेलोज म्हणजे भाते, यांचंही तसंच. ही नावं एकेक करून करारात लिहून घेतली नाहीत, तर सीएमसीचे पैसे देऊन प्रत्यक्षात एएमसीच पदरात पडते. व्हेपोरायझरचा, म्हणजे भुलीच्या द्रव औषधाची वाफ करून ती वायूत मिसळणाऱ्या भागाचा, तर वेगळा रकाना हवा. सेव्होफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन या भुलीच्या औषधांची मात्रा तोच ठरवतो. मात्रा कमी पडली तर रुग्ण शस्त्रक्रियेत जागा राहू शकतो, जास्त झाली तर रक्तदाब कोसळतो. कॅलिब्रेशनसाठी तो वर्कशॉपला गेला की तोवर बदली व्हेपोरायझर कोण देणार, हे आधीच ठरवावं.

दोन्ही करारांत कंपनीचा कल उलटा असतो, हेही ध्यानात घ्यावं. एएमसीत भाग विकला की कंपनीला नफा, म्हणून दुरुस्त होणारी वस्तूही ‘बदला’ असं सांगितलं जाऊ शकतं. सीएमसीत भाग दिला की तिला तोटा, म्हणून ‘अजून चालेल’ हे उत्तर येतं, किंवा भाग ‘मागवलाय’ असं आठवडाभर ऐकू येतं. त्यावर उपाय म्हणजे किती तासांत यायचं, मशीन वर्षातले किती टक्के दिवस चालू राहायला हवं आणि न राहिल्यास किती कापायचं, याचं कलम. लेहच्या रुग्णालयासाठी तेच कलम पुण्याच्या मसुद्यावरून उतरवून चालणार नाही. विमान, हवामान आणि छावणीचा प्रवेश पास यांचा वेळ त्यात धरावा लागतो, किंवा काही भाग तिथेच साठवून ठेवायला लावायचे.

मग एएमसी कुठे पुरते? बॉईल मशीन या जुन्या, साध्या भूलयंत्राला. वायूचा प्रवाह दाखवणारे रोटामीटर, नळ्या, व्हॉल्व्ह, सिलिंडर अडकवायचे योक. इलेक्ट्रॉनिक्स जवळजवळ नाहीच, त्यामुळे जाणकार स्थानिक इंजिनिअरही ते सांभाळतो. नव्या संगणकीकृत भूलयंत्राचा, म्हणजे वर्कस्टेशनचा, दुरुस्तीसाठीचा सर्व्हिस मोड मात्र बहुधा कंपनीच्या पासवर्डमागे असतो. आणि रोज पहिल्या केसआधीची तपासणी, पर्यायी अँबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) जवळ ठेवणं, हे दोन्ही करारांबाहेरचं काम आहे. ते भूलतज्ज्ञ आणि थिएटरमधल्या सहायकाचंच.

पैशांबाबत केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम, २०१७ मध्ये एक मर्यादा आहे: देखभाल करारात आगाऊ रक्कम सहा महिन्यांच्या देय रकमेपेक्षा सहसा जास्त देता येत नाही. वॉरंटी चालू असताना सशुल्क करार सुरू करायचा नसतो, हेही त्यातच आहे. सीएमसीचा पुढच्या वर्षांचा दर मात्र मशीन विकत घेतानाच निविदेत मागून घ्यावा. तेव्हा कंपन्यांत स्पर्धा असते, वॉरंटी संपल्यावर समोर एकच कंपनी उरते.