कोलॅजेन, जलविच्छेदित

गुराडुकरांची कातडी, हाडे किंवा माशांची त्वचा व खवले यांतील कोलॅजेन या प्रथिनाचे जलीय विच्छेदन करून मिळणारे पेप्टाइडांचे (ॲमिनो अम्लांच्या लहान साखळ्यांचे) मिश्रण. क्रीम, लोशन, शांपू व फेसवॉश यांत त्वचा व केस मऊ ठेवण्यासाठी ते घालतात. कोलॅजेन हे नाव ‘कोल्ला’ (सरस) या ग्रीक शब्दावरून आले असून सुतारांचा सरसही मुळात याच प्रथिनाचा.

मूळ रेणू तिपेडी पिळाचा, लांबी सु. ३०० नॅनोमीटर, रेणुभार सु. ३,००,००० डाल्टन (रेणुभाराचे एकक). साखळीत दर तिसरे ॲमिनो अम्ल ग्लायसीन असते, कारण पिळाच्या गाभ्यात त्याहून मोठे अम्ल मावत नाही. ही तिपेडी रचना गो. ना. रामचंद्रन व गोपीनाथ कर्था यांनी मद्रास विद्यापीठातून १९५४ मध्ये मांडली व १९५५ मध्ये तीत सुधारणा केली. दर तीन अम्लांमागे दोन हायड्रोजन बंध असतात, असे त्यांचे मत होते. ॲलेक्झांडर रिच व फ्रान्सिस क्रिक यांनी १९५५ मध्येच एक बंध सुचविला. बंधसंख्येबाबत पुढील क्ष-किरण अभ्यासांचा कल दुसऱ्या मताकडे आहे. तीन पेडांच्या मूळ कल्पनेचे श्रेय मात्र मद्रासच्या गटालाच द्यावे लागते.

उष्णतेने पीळ उलगडून जिलेटीन बनते. अम्ल, अल्कली किंवा एंझाइम यांनी त्याचे आणखी तुकडे केले की रेणुभार साधारणतः काही हजार डाल्टनपर्यंत उतरतो; मग ते थंड पाण्यातही विरघळते व थिजत नाही. अल्कलीने ॲस्परजीन व ग्लुटामीन यांतील अमाइड गट अम्लांत बदलतात. त्यामुळे अल्कली-प्रक्रियेच्या जिलेटिनाचा समविद्युत् बिंदू (ज्या सामूला म्हणजे पीएचला रेणूवरील धन व ऋण भार समान होतात तो; त्याहून कमी सामूत रेणू धन भाराचा असतो) सु. ५, तर अम्ल-प्रक्रियेच्या जिलेटिनाचा सु. ७ ते ९ असतो. हा तपशील क्षुल्लक नाही : त्वचेच्या व केसांच्या पृष्ठभागावर सामान्यतः ऋण भार असल्याने धन भाराची पेप्टाइडे तेथे अधिक चिकटतात व धुतल्यावरही काही अंशी टिकतात. याच हेतूने चतुर्थक अमोनियम गट (कायम धन भार असलेले गट) जोडलेले प्रकारही बनवितात.

पेप्टाइडे पाणी धरून ठेवतात आणि वाळताना शृंगस्तरावर (त्वचेच्या सर्वांत वरच्या थरावर) पातळ पटल तयार करतात; त्याने त्वचा गुळगुळीत लागते. शांपूत ती फेसकारक द्रव्यांचा दाहकपणा कमी करतात.

हे कोलॅजेन त्वचेतील कोलॅजेनाची झीज भरून काढते काय, यावर मतभेद आहेत. पेशीसंवर्धनात काही लहान पेप्टाइडे तंतुजनक पेशींना (त्वचेत कोलॅजेन बनविणाऱ्या पेशींना) उत्तेजित करताना दिसली आहेत. परंतु बशीतील पेशींवर शृंगस्तराचे आवरण नसते. ५०० डाल्टनहून मोठे रेणू निरोगी शृंगस्तर सहसा ओलांडत नाहीत, हा बॉस व मेनार्डी यांनी २००० मध्ये मांडलेला नियम पाहता, या घटकाचे कार्य पृष्ठभागापुरतेच मानणे अधिक सयुक्तिक ठरते.

प्रथिन-विच्छेदितांमुळे क्वचित संपर्कजन्य पित्त उठते.