कुंडीच्या तळाला खडी घातली की निचरा होतो?

दसरा झाला की गच्चीवर मेथी, पालक, मुळ्यासाठी कुंड्या भरायला घेतात आणि कुणीतरी सांगतंच, ‘तळाला विटांचे तुकडे घाल गं, पाणी नीट निचरतं.’ मीही वर्षानुवर्षं घातले. पण हे खरं नाही. बारीक कणांची माती पाणी धरून ठेवते. ती चिंब झाल्याशिवाय खालच्या खडीच्या मोठ्या पोकळ्यांत पाणी उतरतच नाही. म्हणजे तळाशी असणारा चिखल उलट वर, मुळांपाशी येतो.

पटत नसेल तर भांडी घासायचा लांबट स्पंज भिजवून आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच उभा करा. पुन्हा पाणी गळेल! मातीचंही तेच, उंची जास्त, तर निचरा चांगला. बारा इंची कुंडीत तीन इंच खडी घातल्यावर गाजराने जायचं कुठे?

भोकावर एखादी खापरी किंवा जाळीचा तुकडा पुरे, तोही माती वाहून जाऊ नये म्हणून. नुसती काळी माती मात्र भरू नका, वाळली की वीटच होते. तिच्यात कुजलेलं शेणखत आणि भाताचं तूस मिसळा.