इंजिन तेल, लहान डिझेल नौकांतील

लहान डिझेल नौकेच्या इंजिनासाठी वंगणतेल निवडणे व ठराविक काळाने बदलणे. या नोंदीत मुख्यतः कोकण किनाऱ्यावरील एक ते सहा सिलिंडरच्या मासेमारी नौका विचारात घेतल्या आहेत.

तेल बदलण्याची प्रथा इंजिनाइतकी जुनी नाही. लहान तेल-इंजिनाच्या जनकत्वाबद्दल मतभेद आहेत. हर्बर्ट अॅक्रॉइड स्टुअर्ट यांनी १८९० मध्ये एकस्व (पेटंट) घेतले आणि त्यावर आधारलेली इंजिने इंग्लंडमधील ग्रँथम येथे १८९२ पासून तयार होऊ लागली. रूडोल्फ डीझेल यांचे इंजिन आउग्सबुर्क येथे १८९७ मध्ये समाधानकारक चालले. काही इंग्रज लेखक पहिला मान अॅक्रॉइड यांना देतात. तथापि त्यांच्या इंजिनात सिलिंडरला जोडलेला कंद (पोकळ गोळा) आधी दिव्याने तापवावा लागे. केवळ दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटणे हा निकष धरल्यास डीझेल यांचा दावा अधिक सबळ ठरतो. मासेमारीच्या इतिहासात मात्र तप्तकंद इंजिनांचेच महत्त्व मोठे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत स्कँडिनेव्हियातील मासेमारी नौकांवर ती पसरली. त्यांपैकी पुष्कळ इंजिनांत तेल थेंबाथेंबाने बेअरिंगवर व सिलिंडरमध्ये सोडले जाई आणि वापरले गेलेले तेल परत येत नसे. त्यामुळे रोज तेल भरावे लागे, बदलण्याचा प्रश्नच नव्हता.

तेच तेल पंपाच्या दाबाने पुन्हा पुन्हा फिरवण्याची कल्पना डिझेल इंजिनाची नाही. तिचे श्रेय सामान्यतः बर्मिंगहॅमच्या बेलिस कंपनीतील ए. सी. पेन यांच्या वाफेच्या इंजिनासाठीच्या १८९० च्या सुमाराच्या एकस्वाला दिले जाते. तेल फिरू लागले तशी काजळी, आम्ले, पाणी आणि न जळलेले इंधन त्यातच साठू लागले. १९३० नंतरच्या वेगवान डिझेल इंजिनांत दट्ट्यांच्या (पिस्टनच्या) रिंगा चिकटू लागल्या, तेव्हा अमेरिकेत १९३५ च्या सुमारास मलनिवारक द्रव्ये मिसळलेली तेले आली. ही द्रव्ये काजळी धातूवर बसू न देता तेलातच तरंगती ठेवतात. म्हणून आजचे डिझेल तेल बदलल्यावर काही तासांतच काळे होते. हा काळेपणा दोष नाही. केवळ रंगावरून तेल खराब ठरवू नये.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर होड्यांना इंजिने बसवण्यास स्वातंत्र्याच्या आगेमागे सुरुवात झाली, असे सामान्यतः मानले जाते.

निवड : डब्यावर दोन गोष्टी पाहाव्यात, श्यानता (तेलाचा दाटपणा) व दर्जा. एसएई या अमेरिकी अभियंता-संस्थेच्या श्रेणीतील एसएई ४० तेलाची श्यानता १००° से. तापमानाला १२.५ ते १६.३ सेंटिस्टोक (श्यानतेचे एकक) असते. १५डब्ल्यू-४० हे बहुश्रेणी तेलही गरम असताना याच मर्यादेत बसते. त्याचा फायदा थंडीत इंजिन सुरू करताना होतो आणि १५डब्ल्यूची ('डब्ल्यू' म्हणजे विंटर, हिवाळा) ही चाचणी उणे २०° से. तापमानाला घेतात. कोकणात अशी थंडी नसल्याने एकश्रेणी एसएई ४० पुरेसे, शिवाय बहुश्रेणी तेलातील बहुवारिके (पॉलिमर) घर्षणाने तुटून ते पातळ होते, असे एक मत आहे. जुन्या, मंदगती, एक-दोन सिलिंडरच्या इंजिनांपुरते ते मान्य करता येते. टर्बो असलेल्या सहा सिलिंडरच्या इंजिनांसाठी १५डब्ल्यू-४० घेणे अधिक इष्ट दिसते, कारण सीएच-४ (१९९८), सीआय-४ (२००२) व सीके-४ (२०१६) हे एपीआयचे (अमेरिकी पेट्रोलियम संस्थेचे) दर्जे बाजारात बहुधा याच श्रेणीत मिळतात. उत्पादकाच्या पुस्तिकेत वेगळे सांगितले असेल, तर तेच पाळावे.

तेलातील अल्क (अल्कली) किती आम्ल मारू शकते, हे त्याच्या अल्कांकावरून कळते. गंधक जळून आम्ल बनते, म्हणून डिझेलमध्ये गंधक जास्त होते त्या काळी अधिक अल्कांकाचे तेल निवडण्याचा सल्ला योग्यच होता. १ एप्रिल २०२० पासून भारतात विकल्या जाणाऱ्या डिझेलमधील गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत १० भाग आहे. त्यामुळे तो सल्ला आता जसाच्या तसा लागू होत नाही. नौकेत आजचा मोठा धोका पाण्याचा आहे. थेट समुद्राच्या पाण्याने थंड होणारे इंजिन मुद्दाम कमी तापमानावर, बहुधा ६०° से.च्या आसपास चालवतात, कारण त्याहून जास्त तापल्यास पाण्यातील क्षार मार्गांत धरतात. इतक्या थंड इंजिनात वाफ तेलातच निवते आणि इंधनही त्यात उतरते. गोड्या पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनात हा त्रास कमी असतो.

बदल : पुस्तिकांत सामान्यतः १०० ते २५० तासांचे अंतर दिलेले असते, नव्या इंजिनाचा पहिला बदल ५० तासांच्या सुमारास करतात. दिवसाला सोळा तास चालणाऱ्या ट्रॉलरचे २५० तास पंधरवड्यात संपतात. कमी चालणाऱ्या होडीत मात्र तासांवर विसंबणे घातक आहे. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते आणि होड्या ओढून शाकारल्या जातात. होडी शाकारण्यापूर्वीच तेल बदलावे, नारळी पौर्णिमेच्या तोंडावर नव्हे. आम्लयुक्त जुने तेल दोन महिने बेअरिंगवर राहिले की ती खाल्ली जातात.

इंजिन गरम असताना तेल काढतात. नौकेत चेंबरखाली (इंजिनातील तेलाच्या टाकीखाली) भांडे सरकवायला जागा नसते, म्हणून तेलाची पातळी मोजण्याच्या पट्टीच्या नळीतून हातपंपाने तेल ओढून घ्यावे लागते. इंजिन शाफ्टच्या रेषेत मागे कललेले असल्यामुळे गाळ वऱ्हाच्या, म्हणजे मागच्या बाजूला साचतो आणि पंपाची नळी पुढे राहिल्यास तो आतच राहतो. पट्टीवरची कारखान्याची खूणही या कलामुळे चुकते. पुस्तिकेत दिलेले माप मोजून भरावे आणि पट्टीवर नवी खूण करून घ्यावी. फिल्टर काढल्यावर जुने रबरी वायसर इंजिनालाच चिकटलेले नाही ना, हे बोट फिरवून पाहावे. त्यावर दुसरे वायसर बसले, तर दाब येताच तेल बाहेर फेकले जाते आणि खोल समुद्रात इंजिन जाम होते. नव्या वायसरला तेल लावून फिल्टर हातानेच आवळतात. इंजिन थोडे चालवून बंद करावे, तेल खाली उतरू द्यावे आणि मग पातळी पाहावी.

तेलाची पातळी आपोआप वाढलेली दिसली, तर ते शुभलक्षण समजू नये. पट्टीवरच्या थेंबाला डिझेलचा वास येत असेल, तर इंजेक्टर किंवा डिझेलचा पंप गळत आहे. तेल दुधाच्या चहासारखे झाले असेल, तर पाणी शिरले आहे. खाऱ्या पाण्याच्या बाबतीत एक बदल पुरत नाही. गळती बंद करून, तेल स्वच्छ येईपर्यंत लागोपाठ बदलावे लागते.

गिअरबॉक्सचे तेल वेगळे असते. काही गिअरबॉक्सना इंजिनाचेच तेल चालते, काहींना पातळ हायड्रॉलिक तेल लागते.

जुने तेल : २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक कचऱ्यात मोडते. ते नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जावे, अशी अपेक्षा आहे. काही ठिकाणी होडीच्या लाकडाला काजूच्या टरफलांचे तेल किंवा मुशीच्या यकृताचे तेल लावण्याऐवजी हेच काळे तेल फासतात. ते टाळावे, कारण त्यातील धातू व काजळी पाण्यात उतरतात. बिल्जमध्ये (नौकेच्या तळाशी पाणी साचते त्या जागेत) सांडलेले तेल पाण्याबरोबर पंपाने समुद्रात सोडणे त्याहून वाईट, कारण ते खाडीच्या तोंडाशी, कालवे व शिंपल्यांच्या जागीच साचते.