सिलेक्शनची तयारी: प्रोग्रॅम सुरू करण्याआधी हे वाचा

कमांडो किंवा स्पेशल फोर्सेसच्या सिलेक्शनला जायचंय म्हणून आमच्याकडे येणारे बरेच जण पहिल्याच दिवशी म्हणतात, सर एवढा हार्ड प्रोग्रॅम द्या की तिथलं सगळं सोपं वाटेल. तसा प्रोग्रॅम आम्ही देत नाही. तुम्ही तिथे धडधाकट पोचायला पाहिजे, आणि दुखऱ्या नडग्या घेऊन गेलेला माणूस कितीही जिद्दीचा असला तरी पहिल्या आठवड्यातच लंगडायला लागतो.

कारण साधं आहे. दम काही आठवड्यांत वाढतो, स्नायूही तयार होतात, पण हाडं आणि टेंडन (स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर) यांना महिने लागतात, शिवाय ताण पडल्यावर हाड आधी थोडं झिजतं आणि मग नवीन भरतं, म्हणजे तुम्हाला मस्त वाटायला लागलेलं असतं नेमकं तेव्हाच हाड कच्चं असतं आणि त्याच जोशात अंतर वाढवलं की स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे हाडाला बारीक तडा. नडगीवर एका ठिकाणी बोट ठेवून "इथंच दुखतं" असं सांगता येत असेल तर पळणं त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरला दाखवा, तो आठवडा वाया गेला असं समजू नका.

म्हणून आमच्या प्रोग्रॅममध्ये जास्तीत जास्त पळणं हळूच असतं, पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे इतकं हळू, आणि जीव तोडून पळायचं ते आठवड्यातून एखाद-दोन वेळा.

वजन घेऊन चालणं आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा. सुरुवात 10-12 किलोने. एका आठवड्यात एकतर वजन वाढवा नाहीतर अंतर, दोन्ही एकदम नाही, आणि दर चौथा आठवडा हलका. जड सामान पाठीला चिकटून आणि वरच्या बाजूला भरा, आणि उतारावर सॅक घेऊन पळू नका, गुडघे तिथेच जातात. पायाला कुठे गरम लागायला लागलं की तिथल्या तिथे थांबून टेप लावा, फोड आल्यावर नाही.

अमेरिकन नेव्ही सील्सच्या (तिथल्या नौदलाच्या कमांडोंच्या) एंट्री टेस्टमध्ये 500 यार्ड पोहायला 12 मिनिटं 30 सेकंद आणि दीड मैल पळायला 10 मिनिटं 30 सेकंद देतात. हे कमीत कमी आहे, बरं का, एवढ्यावरच गेलात तर पहिल्या दिवसापासून सगळ्यांच्या मागे राहाल. त्यांचा हेल वीक, म्हणजे ट्रेनिंगमधला सगळ्यात खडतर आठवडा, साडेपाच दिवसांचा आणि त्यात झोप सगळी मिळून चार तासांच्या आसपास, ते ऐकून काही जण घरी जागरणाची प्रॅक्टिस करतात. करू नका, प्लीज. जागरणाची सवय होत नाही, नुसती रिकव्हरी बुडते. पाण्याखाली श्वास रोखायची प्रॅक्टिस तर एकट्याने कधीच नाही, चांगले पोहणारेही अशाने बेशुद्ध होऊन बुडालेत.

उन्हाबद्दल थोडं जास्त लिहितोय कारण इथे जीव जातो. जुलै 2013 मध्ये वेल्समधल्या ब्रेकन बीकन्सच्या डोंगरात ब्रिटिश एसएएस रिझर्व्हच्या (तिथल्या स्पेशल फोर्सेसच्या राखीव तुकडीच्या) सिलेक्शनमध्ये वजन घेऊन चालताना उष्णतेमुळे तीन जवान गेले, आणि ती तयारी केलेलीच माणसं होती. सोबतचा माणूस अडखळायला लागला, काहीतरीच बोलायला लागला की थांबवा, सावलीत घ्या, अंगावर गार पाणी ओता आणि मदत बोलवा. नुसतं पाणी ढोसत राहणंही धोक्याचं, घाम खूप गेला असेल तर मीठ पोटात जायला पाहिजे. आणि जबर व्यायामानंतर लघवी कोलासारखी काळपट झाली तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा.

शेवटचे दहा-बारा दिवस आम्ही व्यायाम जवळजवळ निम्म्यावर आणतो, त्यावर सगळेच कुरकुरतात, तरी आणतोच.

पहिल्या भेटीला येताना वापरलेले बूट घेऊन या, सोल कुठे झिजलाय ते बघायचंय, आणि जुनं दुखणं काही असेल तर ते लपवू नका.